पोचल्याचा शिक्का

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा पत्र म्हणजे आतला कागद, एवढंच मला ठाऊक होतं. लिफाफा म्हणजे शेंगेचं टरफल. फोडायचं, दाणा काढायचा आणि टरफल चुलीत घालायचं. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, मला शिकवलं ते नेमकं उलटं. आतल्या कागदाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. कुणी हौसेनं पत्र वाचून दाखवायला लागलं तर ते हात वर करून थांबवत आणि म्हणत, "ते तुझं तुला. लिफाफा दे इकडं."

मामंजी रेल्वेच्या टपालाच्या डब्यात होते. चालत्या गाडीत उभं राहून गावोगावची पत्रं ज्या त्या गावाच्या खणात टाकायची, थैल्या बांधायच्या, स्टेशन आलं की द्यायच्या-घ्यायच्या, हे त्यांचं काम. कधी पुण्याकडे, कधी रायचूरकडे. सगळी उमर त्यांनी अशी उभ्यानं काढली. पेन्शन घेऊन घरी बसले तरी अंगणात उभे राहताना पाय फाकवूनच राहत, जणू फरशी आत्ता हलणार आहे. मला आधी त्याचं हसू यायचं. पुढे हसू गेलं.

त्यांचा एक डोळा मी येण्याआधीच गेला होता. दारावर आलेल्या एका सुईवाल्यानं "चुटकीसरशी मोतीबिंदू काढतो" म्हणून डाव्या डोळ्यात सुई घातली आणि डोळ्याचं वाटोळं करून तो दुसऱ्या दिवशी पसार झाला. उरला उजवा. मी आले त्या वर्षी त्यातही पडदा धरू लागला होता. माणसं त्यांना पायरवावरून ओळखू यायची. लिफाफा मात्र ते नाकाला टेकेपर्यंत डोळ्याशी नेऊन, उन्हात तिरपा धरून बघत.

त्या साली मिरजेचे एक डोळ्यांचे डॉक्टर सोलापुरात येऊन गेले. त्यांनी मामंजींचा डोळा तपासला आणि थंडीत मिरजेला या म्हणाले. शस्त्रक्रिया होईल, बरीच आशा आहे, पण खात्री कुणीच देऊ शकत नाही, हेही सांगितलं. मामंजींनी चिठ्ठी ठेवायला खिशातून एक जुना लिफाफा काढला. डॉक्टर डोळा विसरले आणि लिफाफाच बघत बसले. ते तिकिटांचे आणि जुन्या लिफाफ्यांचे शौकीन निघाले. "टपालातल्या माणसाकडून मी फी घेणार नाही," ते म्हणाले. "असे चांगले डझनभर लिफाफे घेऊन या."

झालं. दिवाळीनंतर थंडी पडली की मिरज, आणि तोवर डझनभर लिफाफे निवडायचे. निवडायचे कुणी? ज्यांना कळत होतं त्यांना दिसत नव्हतं, आणि जिला दिसत होतं तिला कळत नव्हतं. माझे यजमान मिलच्या कचेरीत, पहाटेच्या भोंग्याला घर सोडायचे ते दिवेलागणीला यायचे. मी मराठी चौथी झालेली. मामंजी ओसरीवर बसायचे, मी उंबऱ्याच्या आत डोईवर पदर घेऊन बसायची आणि दोघांच्या मध्ये रद्दीचा ढीग असायचा.

रद्दी आणायची आमची शेजारीण. ती वैरागकडची, तिचा नवरा सुताच्या पेढीवर हमाल. पेढीवर आलेली पत्रं पाकिटासकट लोखंडी तारेत ओवून ठेवायची पद्धत होती. तार भरली की माळ्यावर टाकायची आणि नवी घ्यायची. अशा वीस-तीस वर्षांच्या तारा मालकांना दिवाळीच्या साफसफाईत जड झाल्या होत्या. शेजारीण पोतं भरून आणायची आणि दारात आदळायची. "घ्या वैनी, तुमचं धन. मालक म्हनला न्हे जा समदं, न्हायतर बंबात घालतो."

माझ्या हुशारीची पहिली झलक पहिल्याच दिवशी दिसली. मामंजी स्टेशनावरच्या जुन्या मंडळींत बसायला गेले होते. तिकिटांचे शौकीन म्हणजे त्यांना तिकिटं हवी, असा सरळ हिशेब करून मी भाताच्या वाफेवर लिफाफे धरले आणि वीस तिकिटं सोडवून ताटात ओळीनं वाळत घातली. मामंजी आले, ताट चाचपलं आणि कपाळाला हात लावून खाली बसले. "सूनबाई," ते म्हणाले, "तू गावातल्या वीस माणसांची नाकं कापून आणलीस. आता ही नाकं कुणाची, हे कोण सांगणार?"

तेव्हापासून शिकवणी सुरू झाली. तिकीट शेवटी बघायचं. आधी शिक्का. शिक्क्यात गाव वाचता येतं का, तारीख वाचता येते का. तारेचं भोक पत्त्यातून गेलं असेल तर चालेल, शिक्क्यातून गेलं असेल तर बाजूला. इंग्रजी अक्षरं मी शाळेत नाही शिकले, शिक्क्यांवरून शिकले. पहिलं गाव मी एकेक अक्षर जोडून वाचलं ते झांजीबार. "ते कुठं आलं, मामंजी?" मी विचारलं. त्यांनी आधी मुंबई सांगितली, मग समुद्र, मग आणखी समुद्र. माझं सगळं जग बार्शी ते सोलापूर. मी त्या लिफाफ्यावर हात ठेवला आणि तो उचलायचं मला सुचेना. दोन पैशांची भाजी घ्यायला मला सोबत लागायची, आणि हा एवढासा कागद एकटा समुद्र ओलांडून आमच्या ओसरीवर आला होता.

आणि मग मला वेडच लागलं. निजामाच्या हद्दीतून आलेला एक लिफाफा होता, त्यावर निजाम सरकारचं तिकीट आणि शेजारी इंग्रज सरकारचं, दोन्ही राज्यांनी आपापला शिक्का मारलेला. मामंजी म्हणाले, हा डॉक्टरांना आवडणार, बाजूला ठेव. लढाईवर गेलेल्या कुणा शिपायाचा बसऱ्याहून आलेला एक होता, त्यावर तिकीटच नव्हतं, नुसता फौजेचा शिक्का. तोही बाजूला ठेवला. एका लिफाफ्यावर मामंजींनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा शिक्का घाईत मारलाय. एका बाजूला रुतलाय बघ. गाडी हलली असणार." मी उन्हात तिरपा धरून पाहिलं तर खरंच अर्धा ठसा खोल आणि अर्धा पुसट. कधीकाळची ती हललेली गाडी त्यांच्या अंगठ्याला कळली! मी या माणसाला रोज वाढत होते, त्यांची धोतरं धूत होते आणि मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

सगळ्यांत भारी निघाला तो अगदी भिकार दिसणारा. कोपरे झिजलेले, तेलाचा डाग, साधं तिकीट. मी तो टाकणार होते. "मागची बाजू बघितलीस?" मामंजींनी विचारलं. मी नव्हती बघितली. लिफाफा उलटा केला आणि मागं जत्रा भरलेली. तो रंगूनहून कुणा विणकराला आला होता. विणकर सोलापुरात सापडला नाही म्हणून हुबळीला गेला, तिथून गुलबर्ग्याला, तिथून परत सोलापूर. प्रत्येक गावचा शिक्का, आणि मध्ये पोस्टमनांच्या हातचं लिहिलेलं, एक मराठीत, एक कानडीत, एक उर्दूत. मराठीतलं मी वाचलं: "सदर इसम येथून निघून गेला." त्या सगळ्यांनी त्या एका माणसाचा शोध घेतला होता, ना ओळख ना पाळख.

"निघतो त्या गावचा शिक्का पुढं," मामंजी म्हणाले, "आणि पोचल्याचा शिक्का मागं. पुढचा बघून लोक खूश होतात. खरा जाणकार आधी उलटा करतो. निघतात सगळेच गं. पोचलं का, ते बघायचं."

आणखी एक नियम त्यांनी मला घालून दिला, आणि त्याच नियमानं माझा घात केला. काही हौशी लोक म्हणे रिकामा लिफाफा स्वतःच स्वतःच्या नावानं टाकतात, नुसता शिक्का मिळावा म्हणून. आत काही नसतं. "तो बनवलेला लिफाफा," मामंजी म्हणाले. "कुणी कुणाला काही सांगितलेलं नाही. जाणकार त्याला हात लावत नाही. आणि डाग पडलेला असेल तर बघायलाच नको."

दिवाळी झाली तोवर मी चांगलीच शेफारले होते. अकरा लिफाफे निवडून झाले, त्यांतले शेवटचे चार मी एकटीनं निवडलेले आणि मामंजींनी नुसती मान हलवलेली. एके दिवशी ते म्हणाले, "माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. ती खाली काढून ठेव. मिरजेला जायच्या आधी त्यातलं मला एकदा डोळ्यांखालून घालायचं आहे. न जाणो." त्यांचं "न जाणो" मला कळलं. हा डोळाही गेला तर, असं त्यांना म्हणायचं होतं. पण पेटीत काय आहे ते मी विचारलं नाही, आणि मला वाटलं, बारावा लिफाफा तिच्यात असणार.

दुसऱ्या दिवशी ते पेन्शनीच्या कामाला गेले आणि मी पेटी उघडली. आत सुताच्या दोऱ्यानं बांधलेले गठ्ठेच गठ्ठे. सगळे अर्ध्या आण्याचे छापील तिकिटाचे साधे लिफाफे, खालचे राणीच्या डोक्याचे, वरचे राजाच्या. एकच अक्षर, वर इंग्रजी आणि खाली बाळबोध. आणि नाव? मामंजींचं स्वतःचं. पत्ता आमच्याच घराचा. पहिला गठ्ठा मी सोडला, एकेक लिफाफा फुंकर मारून उघडून पाहिला. रिकामा. दुसरा रिकामा. शेकड्यांनी रिकामे. मागं वळवले तर सोलापूरचा शिक्का, आणि त्याच्या शेजारी प्रत्येकावर एक तांबडा-तपकिरी डाग.

मी मनात हसले सुद्धा. म्हटलं, मामंजीही एके काळी हौशीच होते तर! आता लाजतायत म्हणून माळ्यावर टाकलंय. त्यांना डोळा ताणून हे सगळं बघायला लावायचं आणि शेवटी "बनवलेले" म्हणून टाकायचंच, तर ते मीच करते. दुपारभर बसून मी शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत गेले. सगळ्यांत अलीकडच्या तारखेचा एक लिफाफा तेवढा स्वच्छ होता. पुढचा शिक्का रेखीव, मागचा रेखीव, डागाचं नाव नाही. तोही रिकामाच, पण एवढा नितळ लिफाफा टाकवेना. तो नमुना म्हणून वेगळा ठेवला.

बाकीच्यांचं काय केलं, ते आजही सांगवत नाही. आमच्याकडे रद्दी फुकट जात नसे. कागद घंगाळात भिजत घालायचे, तीन-चार दिवसांनी त्यात वाटलेली मेथी घालून उखळात कुटायचं आणि तो लगदा पालथ्या घागरीवर थापून टोपली करायची. पेढीची टाकलेली पाकिटं होतीच, त्यांत मी पेटीतले लिफाफे घातले. शेजारीण कुटायला आली. लगद्याला लालसर झाक आली होती. "रंग ग्वाड आलाय की वो वैनी," ती म्हणाली. मला वाटलं, पेढीची तांबडी शाई असेल.

टोपली थापत होते तेव्हाच मामंजी ओसरीवरून म्हणाले, "सूनबाई, ती पेटी आण. आज ऊन चांगलं आहे."

मी हात न धुताच दारात गेले आणि अगदी कौतुकाची वाट बघत सांगितलं, "ती मी बघून टाकली, मामंजी. सगळे बनवलेले निघाले. डागाळलेले. एक तेवढा चांगला होता, तो ठेवलाय."

त्यांनी विचारलं, "डाग मागं होता?"

"हो. सगळ्यांच्या मागं."

"शिक्क्याशेजारी?"

"हो."

"आणि कुठं आहेत ते?"

माझ्या कोपरापर्यंत लगदा होता. मी हात बघितले आणि मला एकदम कळलं की काहीतरी भयंकर झालंय, काय ते मात्र कळेना. मी सांगितलं.

मामंजी रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाली बघत सांगू लागले, डब्यातल्या थैल्यांचा हिशेब द्यावा तसं, सावकाश. माझ्या सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. मी त्यांना पाहिलं नव्हतं, माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी त्या गेल्या. मामंजी फेरीवर गेले की दोन-तीन दिवस पत्ता नसायचा. पूल वाहून जायचे, गाड्या अडायच्या, गावोगाव पटकीची साथ. सासूबाई पाण्याचा थेंब न घेता दाराकडे बघत बसायच्या. वाचता येत नाही तर पत्र लिहून काय उपयोग? म्हणून मामंजी लांबच्या टोकाला पोचले की एक रिकामा लिफाफा आधीच्या गाडीनं परत धाडायचे. तो आला की सासूबाई समजायच्या, माणूस ठीक आहे, उद्या येतो. बायकोचं नाव लिफाफ्यावर घालायची तेव्हा रीत नव्हती, चारचौघांत पोस्टमननं तिचं नाव घ्यायचं म्हणजे काय! म्हणून नाव स्वतःचं.

"आणि मी घरात पाऊल टाकलं," मामंजी म्हणाले, "की ती तो लिफाफा उलटा करायची आणि मागं कुंकवाचं बोट टेकवायची. सोलापूरच्या शिक्क्याशेजारी. मी हसायचो. ती म्हणायची, पोस्टाचा शिक्का कागद आल्याचा आहे. माणूस आल्याचा शिक्का माझा."

मी उंबऱ्यातच बसले. ज्यांनी मला लिफाफा उलटा करायला शिकवलं, त्यांना ते कुणी शिकवलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मी तो उलटा केला होता. शेकडो वेळा केला होता. शिक्का पाहिला आणि म्हटलं, डाग.

"ठेवलेला दे," ते म्हणाले.

मी हात धुऊन तो स्वच्छ लिफाफा आणला. त्यांनी तो उन्हात धरला, डोळ्याला टेकवला, मग उलटा करून मागच्या बाजूवर अंगठा फिरवला. कोरी जागा त्यांच्या अंगठ्याला लागली असणार, कारण ते लगेच थांबले. "हाच राहिला होय," ते म्हणाले. तापाच्या साथीत ते रायचूरला होते. लिफाफा नेहमीप्रमाणे आदल्या दिवशी घरी आला, तिनं हातात घेतला, कोनाड्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी ते पोचले तेव्हा ती नव्हती. त्या लिफाफ्याला बोट लावायला कुणी उरलं नव्हतं.

मी रडू लागले. शहाणपणानं निवडून निवडून मी नेमका तोच एक ठेवला होता, ज्याला तिचा शिक्का नव्हता. जाणकार म्हणून मी अजिबात चुकले नव्हते, हे तर आणखी वाईट.

मामंजी उठून आत आले. घागरीवरच्या ओल्या टोपलीवर त्यांनी पालथा हात ठेवला, बराच वेळ. मी म्हटलं, "मोडते. धुऊन काढते, काही तुकडे तरी..." ते म्हणाले, "वाळू दे. मोडू नकोस." एवढंच. डॉक्टरांच्या पार्सलात बारावा लिफाफा म्हणून त्यांनी पेढीच्या रद्दीतला एक घातला. तो स्वच्छ लिफाफा देवांच्या कोनाड्यात गेला.

ठरल्या दिवशी यजमान त्यांना घेऊन निघाले. कुर्डुवाडीला गाडी बदलून लहान गाडीनं मिरज. दारातून बाहेर पडताना मामंजींनी अंगणाकडे, विहिरीकडे, माझ्याकडे एकदा मान फिरवली. दिसत काय होतं कुणास ठाऊक. ज्या गोष्टीसाठी त्यांनी तो शेवटचा उजेड राखून ठेवला होता, ती मी कुटून टाकली होती. डोळा गेला तर ती चूक जन्मभर माझ्या पदरात राहणार होती, आणि मला कुणाच्या पाया पडून ती माफ करून घ्यायचीही सोय नव्हती.

पंधरा दिवसांनी यजमान एकटेच परत आले, मिलमधली रजा संपली होती. मामंजींच्या डोळ्यावर अजून पट्टी होती. ते टपालातल्या एका जुन्या स्नेह्याकडे उतरले होते. यजमान म्हणाले, डॉक्टरांनी आधी लिफाफे पाहिले आणि मग डोळा. रंगूनचा लिफाफा त्यांनी उलटा केला आणि खुर्चीत मागं टेकून, बाहेर वीस रोगी बसले असताना, तो वाचत राहिले. एरवी मी ही गोष्ट दहा जणींना सांगितली असती. तेव्हा मला एकच ऐकायचं होतं, आणि ते यजमानांना माहीत नव्हतं. पट्टी सुटल्याशिवाय काही कळणार नव्हतं.

मी रोज पोस्टमनची वाट बघू लागले. आमच्या आळीत हातमागांची खटखट दिवसभर, पण त्यातूनही मला त्याच्या वहाणांचा आवाज वेगळा ऐकू यायचा. तो पुढं निघून गेला की मी टोपलीत गहू भरायची, पुन्हा काढायची. सासूबाईंनी वीस वर्षं हे कसं केलं असेल?

एके दुपारी पोस्टमन आमच्याच दारात थांबला आणि त्यानं एक नाव पुकारलं. मी आत भाकरी थापत होते. नाव ऐकलं आणि उठलेच नाही, कुणा दुसरीचं असेल असं वाटलं. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "वैनी, अवो तुमचंच नाव की! कुटं हाय ध्यान?"

लग्नात ठेवलेलं माझं नाव. सासरी ते कुणी घेत नव्हतं. यजमान "अगं" म्हणायचे, मामंजी "सूनबाई". बाहेरून आलेल्या कागदावर ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पीठ लागलेल्या हातानं मी लिफाफा घेतला. वर इंग्रजीत आणि खाली बाळबोधीत, माझं नाव आणि आमचा पत्ता. अक्षर थोडं मोठं होतं, ओळ शेवटी जरा वर गेलेली, पण ते अक्षर मी ओळखलं. एका दुपारीत शेकडो वेळा डोळ्यांखालून घातलेलं अक्षर होतं ते. दुसऱ्या कुणाचं नव्हतं. ज्याला दिसत नाही त्याला असं लिहिता येत नाही.

तरी मी उघडून पाहिलं.

"काय लिवलंय?" शेजारणीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "उद्या येतायत." आणि तिथंच, रस्त्यावर, मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती बिचारी रिकामा लिफाफा उलटसुलट करून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी यजमान त्यांना स्टेशनावरून घेऊन आले. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला. मामंजींच्या डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा होता, त्यातून उजवा डोळा केवढा तरी मोठा दिसायचा. ते उंबऱ्यात पाय फाकवून उभे राहिले. भिंत पाहिली, कोनाडा पाहिला, कोपऱ्यातली लालसर टोपली पाहिली, मग माझ्याकडे वळले. "सूनबाई, तू एवढीशीच आहेस होय?" ते म्हणाले. "आवाजावरून मला उंच वाटायचीस."

मी लिफाफा आणि कुंकवाचा करंडा घेऊन आले. लिफाफा उलटा केला. सोलापूरचा शिक्का ठळक उठला होता. त्याच्या शेजारी मी बोट टेकवलं. हे करावं की नाही, मला माहीत नव्हतं. माझा हक्क होता का? पण दुसरं काही मला सुचलं नाही.

मामंजी ते बघत होते. मग ते कोनाड्याशी गेले, तो दुसरा लिफाफा काढला आणि मागची बाजू वर करून माझ्यासमोर धरला. मी पुन्हा कुंकवात बोट बुडवलं आणि बारा वर्षं कोऱ्या राहिलेल्या त्या जागेवर, शिक्क्याला धक्का न लावता, टेकवलं.

त्यांनी लिफाफा चष्म्याजवळ नेला आणि त्या तांबड्या ठिपक्याकडे पाहत राहिले.

"पोचलो गं," ते म्हणाले. ते माझ्याशी बोलत नव्हते.